फायलींची सूची बनवा, चुटकीसरशी!

कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे येताना ज्यांच्या गाळ्यावर झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि 'जमीन खरेदी-विक्री' असे तीन बोर्ड एकावर एक लावलेले असतात, त्यांच्यासाठी हा धडा आहे. तुमच्या कंप्युटरवर सातबारे, फेरफार, मोजणीचे नकाशे, कंपनीत लागू पाहणाऱ्या पोरांचे बायोडेटा आणि कुणाच्या तरी साखरपुड्याची पत्रिका अशी सगळी मंडळी एकाच डेस्कटॉपवर नांदताहेत. काउंटरपुढे गिऱ्हाईक उभं आहे आणि फाईल सापडत नाहीये. घाबरू नका. नावांची एक सूची करायची, शोधखिडकीत नाव टाकायचं, फाईल हजर! सूचीला नावं मात्र लागतात. आधी ती बिघडवून घेऊ.

१. बारसं करत बसू नका. स्कॅनर 'स्कॅन०००१' असं नाव देतो, व्हॉट्सॲप तारखेचं शेपूट लावून देतं. यंत्राने एवढ्या मायेने ठेवलेलं नाव बदलणं बरं दिसत नाही. स्वतः ठेवायची वेळ आलीच तर 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल बरोबरची' ही चढती भाजणी वापरा. फोल्डरला 'नवीन फोल्डर' म्हणा, त्याच्या आत आणखी एक 'नवीन फोल्डर' काढा आणि असेच आत आत जात राहा. विंडोजमध्ये फाईलच्या पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे. तिथवर पोचलात की फाईल डोळ्यांना दिसते, पण अनेक प्रोग्रॅम ती उघडायला नकार देतात. इतकी सुरक्षितता बँकेच्या लॉकरलाही नाही.

२. सातबारा जपा. हा मुद्दा नीट वाचा, कारण सगळं शास्त्र इथेच आहे. विंडोज फाईलच्या नावात तिरकी रेघ घेत नाही. उभी रेघ, प्रश्नचिन्ह, फुली मारल्यासारखा तारा, यांनाही बंदी. आपला सगळा महसूल तर तिरक्या रेघेवरच उभा आहे. ७/१२ मध्ये ती, गट ११२/२ मध्ये ती, तारखेत ती. मग एका फाईलला '७-१२' म्हणा, दुसरीला '७_१२', तिसरीला '७१२', आणि चहा पिऊन आल्यावर 'सातबारा'. मधूनच इंग्रजी आकडेही टाका. मराठी सात आणि इंग्रजी सात ही कंप्युटरच्या लेखी दोन वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे शोधताना रंगत वाढते. गट ११२/२ चा '११२२' करा. गावात एवढ्या नंबरचा गट नसेलही, पण आपल्याला फाईल ठेवायची आहे, जमीन मोजायची नाही.

३. गावाचं नाव दर वेळी ताजं लिहा. 'टाकवे बुद्रुक', 'टाकवे बु.', 'टाकवे बु', आणि इंग्रजीत लिहिताना स्पेलिंग त्या दिवशीच्या मूडवर. नुसतं 'टाकवे' लिहिलंत तर उत्तम, कारण टाकवे खुर्दही मावळातच आहे. तिकडच्या शेतकऱ्याचा उतारा इकडच्या पार्टीला दाखवण्याचा योग असाच जुळून येतो.

४. मराठीचा अभिमान सोडू नका. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं शीर्षक उचला आणि फाईलच्या नावात चिकटवा. वर्डमध्ये जे सुबक मराठी होतं, त्याची इथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ होते, कारण फाईलच्या नावाला फॉन्ट नेसवता येत नाही. युनिकोड वापरणाऱ्यांनी हिरमुसू नये. 'शेतकऱ्यांची यादी' यातलं ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतं, पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आत अक्षरांची रांग निराळी. तुम्ही एका तऱ्हेने ठेवा, दुकानातल्या पोराला दुसरी शिकवा.

५. आता सूची. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, 'डीआयआर' लिहा, मग तिरकी रेघ आणि 'एस', पुन्हा तिरकी रेघ आणि 'बी'. (होय, तीच रेघ. नावात नको, हुकमात हवी.) यादी मजकूर-फाईलमध्ये वळती करा. आधी कोडपेज ६५००१ लावायला विसरलात, तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ मिळेल. नावात एकही चालत नव्हतं, यादीत हवी तेवढी!

एवढी खटपट नको असेल तर 'एव्हरीथिंग' नावाचा फुकट प्रोग्रॅम घ्या. तो फोल्डर-फोल्डर हिंडत नाही, डिस्कवरचं नावांचं मूळ रजिस्टरच वाचतो, त्यामुळे लाखभर नावं काही सेकंदांत. 'स्कॅन' टाकून बघा, सगळी नावं एका झटक्यात समोर. त्यातलं आपलं कोणतं, ते प्रोग्रॅमला विचारू नये. नावांचा शोध लावणं त्याचं काम, अर्थ लावणं तुमचं.

मुळात ही कल्पना जुनी. अमेरिकेतल्या जेम्स वूड्स यांनी १९८३ मध्ये युनिक्स या कंप्युटर-प्रणालीसाठी ती मांडली: दर वेळी सगळी डिस्क पालथी घालण्यापेक्षा नावांची यादी आधीच करून ठेवा आणि यादीत शोधा. शेजारशेजारच्या नावांची सुरुवात सारखी असते, म्हणून ती पुन्हा न लिहिता किती अक्षरं सारखी तेवढाच आकडा ठेवायचा, की यादी आटते. वूड्सना तुमची डिस्क मिळाली असती तर त्यांचं सोनं झालं असतं. पाचशे 'नवीन फोल्डर' इतके छान आटतात!

६. सूची शिळी होऊ द्या. हाताने केलेली यादी केल्या क्षणापासून जुनी व्हायला लागते, म्हणून युनिक्सवाले ती रोज रात्री नव्याने करवून घेतात. तुम्हीही रात्रीची वेळ लावा आणि मग शटर ओढताना मेन स्विच बंद करा. पावसाळ्यात आंदर मावळात तेवढीही तसदी लागत नाही, वीज आपणहून जाते.

७. तरीही फाईल सापडली नाही, तर गिऱ्हाइकाला "काका, सर्व्हर डाऊन आहे" असं सांगा. फाईल तुमच्याच टेबलाखालच्या डब्यात आहे, हे त्यांना कळायचं कारण नाही. तेवढ्यात महाभूमीचं संकेतस्थळ उघडा. डिजिटल सहीचा सातबारा तिथे १५ रुपयांत मिळतो. उतरवा, छापा, द्या. उतरलेली फाईल डाउनलोडमध्ये जाऊन बसेल. तिला नाव द्यायची घाई करू नका, काका पुढच्या महिन्यात कर्जासाठी पुन्हा येणारच आहेत, तेव्हा आणखी १५ रुपये लावा.