६९ मोठे की ९६०?

कुणाला सांगू नका, पण वर्ध्यातली चांगल्या घरची माणसं बिघडली आहेत. दारूचं म्हणाल तर हा दारूबंदीचा जिल्हा, त्यामुळे त्या विषयावर आपण बोलायचंच नाही. हे व्यसन दुसरं आहे. आकड्यांचं. मटक्याचे आकडे असते तर पोलिसांनी तरी लक्ष घातलं असतं. हे क्रिकेटचे आहेत, आणि लावायला पैसे लागत नाहीत, म्हणून शिक्षक, डॉक्टर, निवृत्त बँकवाले सगळे राजरोस लावतात. पूर्वी हिंगणघाटच्या बाजार समितीसमोर दोन माणसं आकड्यांवरून हमरीतुमरीवर आली की समजायचं, कापसाच्या भावाचं चाललंय. परवा तिथेच दोघांची जुंपली होती. एकजण बोट नाचवत ओरडत होता, "सोळा पूर्णांक अठ्ठ्याण्णव!" मला वाटलं, व्यापाऱ्याने क्विंटलमागे कपात केली की काय. तर ती हर्ष दुबेच्या गोलंदाजीची सरासरी निघाली.

प्रकरण जुनं आहे, पण शिळं व्हायला तयार नाही. २ मार्च २०२५ ला विदर्भाने जामठ्याच्या मैदानावर केरळला पहिल्या डावातल्या आघाडीवर मागे टाकलं आणि रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. जामठ्याचं स्टेडियम नागपूरचं म्हणतात खरं, पण ते ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव वर्धा रोड. तेव्हा करंडक कुणाचा हे वर्धेकराला विचारू नये. त्याबद्दल वाद नाहीच. वाद आहे तो मालिकावीराच्या बक्षिसावरून. ते हर्ष दुबेला मिळालं. ६९ बळी, म्हणजे रणजीच्या एका मोसमातला विक्रम, आणि वर फलंदाजीत ४७६ धावा. "मग यात वादाला जागा कुठं आहे?" असं विचारणारा माणूस जिल्ह्याबाहेरचा समजावा.

इथे पक्ष पडले आहेत. राठोडवाले म्हणतात, यश राठोडच्या ९६० धावा, त्या मोसमात देशात कुणीही त्याच्या पुढे नाही, मग बक्षीस दुसऱ्याला कसं? मालेवारवाले तरुण आहेत आणि भावनाप्रधान. दानिश मालेवारने पहिल्याच मोसमात ७८३ धावा काढल्या, अंतिम सामन्यात १५३ आणि ७३, याहून काय हवं, असं म्हणताना त्यांचा गळा दाटून येतो. करुण नायरवाल्यांकडे मी नंतर वळतो, त्यांचं प्रकरण अधिक गंभीर आहे. एका घरात म्हणे सासरे राठोडवाले आणि जावई दुबेवाला निघाला. दिवाळीला जावयाला गोरसपाकाचा डबा मिळाला, पण अर्ध्या किलोचा.

सगळ्यांत मोठं पाप मी आर्वी नाक्यावरच्या एका टपरीवर डोळ्यांनी पाहिलं. एक निवृत्त गणिताचे मास्तर तिथे शंभरपानी वही घेऊन बसतात. लाल बॉलपेनने आखलेले रकाने, डावीकडे नावं, वर शीर्षकं, आणि मालेवारच्या रकान्यावर तर्रीचा गोल डाग. मास्तर राठोडवाले. त्यांच्यासमोर अडचण अशी, की एकाकडे धावा आणि दुसऱ्याकडे बळी. दोन्हींची बेरीज करायची तर एका बळीच्या किती धावा धरायच्या?

"सात," मास्तर म्हणाले.

"सात? सातच कावून मास्तर? वीस कावून नाही?"

"प्रयोगाअंती सात ठरले."

प्रयोग कोणता, तो मी वहीत वाकून पाहिला. ६९ गुणिले ७ म्हणजे ४८३. त्यात दुबेच्या ४७६ धावा मिळवा. ९५९. राठोड ९६०. एका धावेने पुढे! बळीचा भाव आठ धरला असता तर दुबे हजाराच्या वर गेला असता, म्हणून आठ हा आकडा त्या वहीत कुठेही नाही. आधी विजेता ठरवायचा आणि मग त्याच्या मापाचा भाव काढायचा, ही विद्या मास्तरांनी वर्गात कधी शिकवली नव्हती, असं त्यांचा एक जुना विद्यार्थी मला बाजूला घेऊन हळूच सांगत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, बळीले हमीभाव द्या हो! सातवर तं गल्लीतला बॉलरही इकणार नाही." टपरी हसली. मास्तरांनी वही मिटली आणि चहाचे पैसे न देता निघून गेले. खरं सांगायचं तर ते नेहमीच तसे जातात, पण त्या दिवशी त्याला तात्त्विक कारण होतं.

आता करुणवाले. हे लोक सरळ दुसऱ्या स्पर्धेचे आकडे आणून या स्पर्धेत घालतात, तेही दिवसाढवळ्या. रणजीत करुणच्या ८६३ धावा, आणि मालेवारसोबतची अंतिम सामन्यातली २१५ धावांची भागीदारी. २४ धावांत तीन बळी गेले असताना झालेली. एवढं पुरेसं होतं. पण नाही, त्यांना विजय हजारे करंडक आठवतो. तिथे त्याच मोसमात करुणने आठ डावांत ७७९ धावा केल्या, बाद झाला फक्त दोनदा, सरासरी ३८९.५०. आणि सर्वोच्च खेळी किती? १६३. म्हणजे माणसाची सरासरी त्याच्या सर्वांत मोठ्या खेळीच्या दुपटीहून जास्त! पुलगावच्या एका काकूंनी हे ऐकून कानावर हात ठेवले. गणितात खोट काही नाही, क्रिकेटमध्ये धावांना डावांनी भागत नाहीत, बाद होण्यांनी भागतात. आठाने भागलं तर ९७ येतात. ९७ काय कमी आहेत? पण ९७ ला टपरीवर कुणी मान वळवत नाही, ३८९ ला वळवतं. तिथला मालिकावीर करुणच होता, आणि करंडक मात्र कर्नाटकाने नेला. ही गोष्ट करुणवाले सांगायची विसरतात.

त्यात पाहुण्याचा मुद्दा वेगळाच. करुण कर्नाटकातून आपल्याकडे आलेला. उलट २०१९ च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेऊन आपल्याला करंडक मिळवून देणारा आदित्य सरवटे या वेळी केरळकडून खेळला आणि आपल्याविरुद्ध ७९ धावा काढून बसला. घरचा पलीकडे, पलीकडचा घरात. देवळीच्या लग्नातसुद्धा एवढी गुंतागुंत नसते.

मधल्या काळात कुणीतरी आयपीएलची गुणपद्धत टपरीवर आणली आणि उरलीसुरली शांतता संपली. तिथे 'सर्वांत मौल्यवान खेळाडू' ठरवायचा पक्का तक्ता आहे: षटकाराला साडेतीन गुण, चौकाराला अडीच, बळीला साडेतीन, झेलाला अडीच, निर्धाव चेंडूला एक. एकेरी-दुहेरी धावांना काही नाही. दिवसभर घाम गाळून एकेक धाव जोडणाऱ्याच्या हाती भोपळा! हा तक्ता रणजीला लावायचा, असा ठराव दुबेवाल्यांनी मांडला, आणि तो का मांडला हे थोड्याच वेळात कळलं. फिरकीवाल्याने ३० षटकं निर्धाव टाकली तर त्याला १८० गुण होतात. तेवढ्यासाठी फलंदाजाने ५१ षटकार मारले तरी दीड गुण कमीच पडतात. याउलट अंतिम सामन्यात केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर असताना पार्थ रेखडेच्या चेंडूवर करुणने त्याचा झेल घेतला. त्या झेलावर सामना फिरला, आघाडी हाती राहिली, आणि तक्त्यात त्याची किंमत अडीच गुण. एका चौकाराएवढी. राठोडवाल्यांनी ठराव फेटाळला, मालेवारवाले तटस्थ राहिले.

अशा वेळी पुण्याला नोकरीला असलेला एक भाचा सुट्टीत आला आणि त्याने बास्केटबॉल काढलं. तिकडे अमेरिकेत, एनबीएमध्ये, हा वाद दरवर्षी होतो म्हणे, आणि वर्ध्यापेक्षा जोरात. २०२५ मध्ये निकोला योकिचने सामन्यामागे २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट अशी तिन्हीकडे दोन आकडी सरासरी ठेवली. तरी शंभर मतदारांपैकी ७१ जणांनी पहिली पसंती दिली शाय गिल्जस-अलेक्झांडरला, ज्याच्या ओक्लाहोमा संघाने ६८ सामने जिंकले होते. "म्हंजे तिकडचेही राठोडवाले हरले," एकजण समाधानाने म्हणाला.

पण भाच्याने त्यानंतर जे सांगितलं त्याने मीही कप खाली ठेवला. १९६१-६२ च्या मोसमात विल्ट चेंबरलेन नावाच्या पहाडाने सामन्यामागे ५०.४ गुण काढले. एका सामन्यात तर शंभर, तारीख २ मार्च १९६२. (हो, २ मार्च. आपलीच तारीख.) आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू कोण? बिल रसेल. सामन्यामागे १९ गुणसुद्धा नाहीत. तेव्हा मतं पत्रकारांची नव्हती, खुद्द खेळाडूंची होती, म्हणजे जे मैदानावर या दोघांच्या अंगावर धावून जात होते त्यांनीच रसेलला निवडलं. त्याच्या बोस्टनने ८० पैकी ६० सामने जिंकले, विल्टच्या संघाने ४९. रसेलची खरी करामत समोरच्याचा फेकलेला चेंडू हवेत अडवण्याची. आणि गंमत बघा, ते अडवलेले चेंडू एनबीएने मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये, रसेल निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर. वहीत रकानाच नव्हता. तरी खेळाडूंना दिसत होतं.

इथे मला आपला अंतिम सामना आठवला. दुसऱ्या डावात करुणने १३५ काढल्या आणि केरळच्या परतीच्या वाटा बंद केल्या. तो तिशीच्या घरात असताना स्लिपमध्ये त्याचा झेल सुटला होता. त्या सुटलेल्या झेलाला धावफलकात जागा कुठं आहे? शंभराहून जास्त धावा त्याच्या पोटात आहेत, पण सोडणाऱ्याच्या नावावर काही लागत नाही आणि गोलंदाजाच्या खात्यात काही जमा होत नाही. केरळचं तरी काय, ते अंतिम फेरीत आले कसे? उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरवर एका धावेची आघाडी, आणि उपांत्य सामन्यात गुजरातवर दोन धावांची. गुजरातचा शेवटचा फटका जवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळला आणि उडून स्लिपमधल्या सचिन बेबीच्या हातात गेला. त्या मोसमातला केरळचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ते हेल्मेट होतं, असं कुणी म्हटलं तर मास्तरांच्या वहीत त्याला कोणता भाव लागणार? सात?

खरं तर सेवाग्रामच्या जिल्ह्याला हे शिकवायची गरज पडू नये. इथे सूतकताईच्या काळात गुंड्या मोजल्या जात, ६४० तारांची एक गुंडी. पण नुसत्या लांबीवर कुणी भाळत नसे. सुताचा अंक पाहत, सारखेपणा पाहत, आणि ताण दिल्यावर ते टिकतं का हे पाहत.

तो ताण रणजीत कशाला म्हणायचा? माझ्या मते निर्णायक विजयाला. अनिर्णित सामन्यात आघाडीचे तीन गुण, निर्णायक विजयाचे सहा. विदर्भाने साखळीत सातपैकी सहा सामने असे जिंकले, मग तामिळनाडू आणि मुंबईलाही तसंच हरवलं. निर्णायक विजयाला समोरचे वीस गडी बाद करावे लागतात, आणि धावांचे डोंगर रचून ते आपोआप होत नाहीत. दहा सामन्यांत फार तर दोनशे बळी मिळू शकतात, त्यांतले ६९ एकट्याचे. तिघांत एक पडतो तो दुबेच्या चेंडूवर. बिशनसिंग बेदींचा १९७४-७५ मधला ६४ बळींचा विक्रम चार दशकांहून जास्त टिकला होता. तो मोडला बिहारच्या आशुतोष अमनने, ६८ बळींनी, पण ते प्लेट गटातले, नव्या आणि कच्च्या संघांविरुद्धचे. दुबेने आपले घेतले ते थोरल्या संघांचे. राठोडवाले म्हणतील, उपांत्य सामन्यात मुंबईविरुद्ध १५१ कुणी काढल्या? यशनेच काढल्या, सामनावीरही तोच झाला. पण त्याच सामन्याच्या शेवटच्या डावात मुंबईचे पाच गडी दुबेने टिपले, ते नसते तर ती १५१ ची खेळी अनिर्णित सामन्यातली सुंदर आठवण होऊन राहिली असती.

शिवाय राठोडवाल्यांनी एवढं रुसायचं कारण नाही. सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक बळी यांच्यासाठी क्रिकेट मंडळाचा माधवराव शिंदे पुरस्कार वेगळा आहेच. तिथे मतं नाहीत, चर्चा नाही, फक्त बेरीज. ज्याला बेरीज प्रिय आहे त्याने तिकडे जावं. मालिकावीर मात्र बेरजेने ठरवायचा नसतो, आणि तो या वेळी बरोबर ठरला. दुबेच. माझा निकाल अंतिम आहे, टपरीवर अपील चालणार नाही.

तेव्हा वर्धेकरांनो, पुढच्या मोसमात वह्या आखाल तेव्हा एवढं करा: शतकांच्या शेजारी सुटलेल्या झेलांचाही एक रकाना ठेवा, आणि भाव ठरवण्याआधी नावं झाकून ठेवा.