रबरी भाग वगळून

आमच्या सोसायटीतले अण्णा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचं जावक रजिस्टर अजून चालू आहे. कपाटात गिझरची फाईल आहे, मिक्सरच्या कपलरची आहे आणि सगळ्यांत जाडजूड आहे ती कुकरच्या रिंगची.

झालं एवढंच, की रिंग सैल पडली. झाकणाखालून वाफ फुसफुसू लागली, शिट्टी होईना, पाणी आटून डाळ करपली आणि एक दिवस सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला. दुसरा कुणी चार शिव्या हासडून भांड्याच्या दुकानात गेला असता. अण्णांनी रिंगेशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढला आणि कंपनीला पत्र धाडलं: 'विषय : कुकर शिट्टी देत नसलेबाबत. संदर्भ : आपलेकडील हमीपत्र.' प्रत माहितीस्तव काकूंना.

कंपनीने कळवलं, हमी ५ वर्षांची आहे. रबरी भाग वगळून. अण्णांची कळी खुलली. "रिंग वगळली तर उरतं काय? पातेलं! यांनी आयएसआयचा छाप मारून मला पातेलं विकलं!"

मग फोन. कस्टमर केअरच्या मुलीला ते 'बाळ' म्हणतात आणि तक्रार क्रमांक दोनदा वदवून घेतात. "सर, आणखी काही मदत करू शकते का?" असं तिने विचारलं की म्हणतात, "आधी पहिली कर."

पुढची पायरी १९१५, म्हणजे ग्राहक हेल्पलाईन. त्यापुढे जिल्हा आयोग. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, हे कळल्यापासून अण्णांची तब्येत सुधारली आहे. इतकी स्वस्त करमणूक नाट्यगृहातही मिळत नाही.

चेष्टा करणं सोपं आहे. पण कुणाचा फ्रिज बसला की अख्खी सोसायटी त्यांच्याच दारात. पहिला प्रश्न, "बिल आहे?" बिल नसलेल्या माणसाकडे ते विधुर झालेल्याकडे पाहावं तसं पाहतात. आमच्या वॉशिंग मशीनच्या पाइपचं पत्र त्यांनीच लिहून दिलं. आठवड्याच्या आत पाइप हजर. मी पेढे घेऊन गेलो, तर अण्णा नाराज. "एका पत्रात? काहीच दम नाही कंपनीत."

शेवटी कुकरवाल्यांनीही हात टेकले. कुरिअरने रिंग आली, फुकट, वर दिलगिरीचं पत्र. काकूंनी केव्हाच बाजारातून नवी रिंग आणि व्हॉल्व्ह आणून बसवले होते आणि त्याच कुकरमध्ये रोजचा वरणभात शिजत होता. हे अण्णांना ठाऊक होतं, पण कागदोपत्री नव्हतं. त्या दिवशी ते जेवताना गप्पगप्पच होते. हात धुऊन त्यांनी पाकीट फोडलं, फूटपट्टी लावली आणि आतून अशी आरोळी ठोकली की काकूंना वाटलं, लेकीकडून नातवाची बातमी आली.

"अहो, काय झालं?"

"३ लिटरची पाठवलीय! आपला ५ लिटरचा!"