उलटी उचल

दसरा झाला, मोहटादेवीची यात्रा पांगली, की पाथर्डीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. निघण्याआधी मुकादम उचल देतो. ती फेडता फेडता माणूस वाकतो, पुढच्या हंगामालाही बांधला जातो, सगळं मान्य. पण पैसा निदान मुकादमाकडून मजुराकडे येतो. मुकादमालाच उचल देऊन कामाला लागणारी तालुक्यात एकच जमात. तिला लेखक म्हणतात.

आमच्या गुरुजींनी ऊसतोडीवरच कादंबरी लिहिली आणि प्रकाशकाला 45,000 रुपये मोजले. रोख. बदल्यात 300 प्रती मिळाल्या, त्याच मानधन म्हणून. आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय, सर्व हक्क प्रकाशकाकडे. "करार कुठाय?" विचारलं, तर गुरुजी दुखावले. "आवो, ते घरच्यासारखे आहेत. साहित्यात कागद कशाला?"

हाच व्यवहार फडात लावून बघा. गडी कोयता घेऊन मुकादमाच्या दारी जातो. म्हणतो, "मुकादम, ही घ्या उचल, पण मला ऊस तोडू द्या." मुकादम आढेवेढे घेतो, सध्या उसाला वाचक नाही म्हणतो, शेवटी उपकार केल्यासारखा पैसे खिशात घालतो. गडी थंडीत कुडकुडत तोडतो, बायको मोळ्या बांधते. वजनाची पावती मागायची नाही, मागितली तर तो पैशासाठी तोडणारा, हलक्या दर्जाचा. हंगाम संपून पट्टा पडला की मुकादम मजुरी म्हणून 300 मोळ्या त्याच्याच खोपीपुढे टाकतो आणि म्हणतो, "पाहुण्यारावळ्यांत वाटा, नाव होईल." आणखी लागल्या तर चाळीस टक्के सवलतीत विकत मिळतील. मग गडी स्वखर्चाने मांडव घालतो, मुकादमाला शाल-श्रीफळ देतो, आणि मुकादम माइकवरून सांगतो की नव्या तोडकऱ्यांना संधी देणं हे त्याचं व्रत आहे. हे ऐकून एखादा अडाणी मजूरसुद्धा कोयता घेऊन मुकादमाच्या मागे लागेल. आमचे बीएड झालेले गुरुजी टाळ्या वाजवतात.

आणि कायदा काय म्हणतो? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 उघडा. हक्क द्यायचे तर लेखी, लेखकाच्या सहीनिशी. तोंडी दिलेले दिलेच नाहीत. मानधन किती तेही कागदावर हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. वेगळं काही ठरलं नसेल, तर घेतलेला हक्क वर्षभर न वापरल्यास तोही सुटतो. म्हणजे गुरुजींची कादंबरी आजही गुरुजींचीच, आणि त्यांच्या पश्चात 60 वर्षं वारसांची. ती मुंगीएवढी ओळ कवडीमोलाची! पण हे सांगायचं कुणाला? सातबारावर इंचभर बांध सरकला तर तहसीलला खेटे घालणारी, भावाला कोर्टात उभी करणारी माणसं ही. आयुष्याचा ऐवज मात्र कोऱ्या कागदावर, कोऱ्याही नव्हे, कागदाशिवायच देऊन टाकतात, वर "आशीर्वाद असू द्या" म्हणतात. चीड प्रकाशकाची येत नाही हो. देणारा दारात उभा असताना तो कशाला नाही म्हणेल?

गुरुजींची दुसरी कादंबरी तयार आहे. कागद महागल्यामुळे यंदा उचल 60,000 झाली आहे. त्यांनी पतसंस्थेत कर्जाचा अर्ज टाकलाय. कारणाच्या रकान्यात साहित्य लिहिलं तर कर्ज मिळत नाही, म्हणून म्हैस खरेदी लिहिलंय. पुढच्या आठवड्यात तपासणीला माणूस यायचाय, तोवर कुणाकडे दाखवण्यापुरती म्हैस असेल तर कळवा.