मटण सोडू इच्छिणाऱ्यांस सूचना

वजन कमी करण्यासाठी मटण सोडायचा निश्चय रविवारी दुपारी जेवून उठल्यावर करावा. पोट तट्ट भरलेलं असतं, पँटचं बटण उघडं असतं आणि त्या घटकेला जगातलं कुठलंही अन्न सोडणं माणसाला जड वाटत नाही. बुधवारी संध्याकाळी केलेला निश्चय टिकत नाही, कारण तोवर शेजारी कांदा-खोबरं भाजायला घेतलेलं असतं. सदर सूचना कोल्हापूर व पंचक्रोशीतल्या इच्छुकांसाठी आहेत. बाकीच्या जिल्ह्यांनी आपापल्या रश्श्याप्रमाणे त्यात फेरफार करून घ्यावेत.

सोडायचं काय, हे आधी ठरवून घ्यावं. बोकड, मेंढी, डुक्कर, गाय, म्हैस ही सगळी रेड मीटमध्ये येतात. मायोग्लोबिन नावाचं प्रथिन त्यांच्या स्नायूंत जास्त असतं आणि तांबडा रंग त्याचाच. कोंबडी आणि मासे या यादीत नाहीत. एवढं समजावून सांगितलं की घरातला एक हुशार गृहस्थ लगेच जाहीर करतो, "म्हणजे तांबडा बंद, पांढरा चालू." हा अर्थ चुकीचा आहे. पांढरा रस्सा त्याच मटणाच्या अळणीतून निघतो आणि वर नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू घेऊन येतो. रंगाने तो पांढरा असला तरी वृत्तीने नाही. पुण्याकडचे काही साधक बोकड सोडून बोल्हाईच्या मटणावर येतात आणि आपण काहीतरी सोडलं असं समजतात. बोल्हाई देवीला मानणाऱ्या घरांत शेळी-बोकड चालत नाही, मेंढीच लागते. ती श्रद्धा झाली. डाएटशी तिचा संबंध जोडू नये.

आता एक अडचणीची माहिती. ती वाचून झाल्यावर घरात कुणाला सांगू नये. चरबी काढलेल्या बोकडाच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण ११० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असतात. १०० ग्रॅम पनीरमध्ये अडीचशे ते तीनशे कॅलरी असतात, सुक्या खोबऱ्यात साडेसहाशेच्या वर, आणि तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२०. म्हणजे पातेल्यात जे काही शिजतंय, त्यात सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट बहुधा बोकडच. त्याला ज्यात बुडवलंय ते तेल आणि खोबरं, त्याच्यासोबत जातो तो तीन वाढण्या भात, आणि त्यानंतर पाच वाजेपर्यंतची झोप, हे खरे आरोपी. पण पंचनामा नेहमी बोकडाचा होतो.

अतिरेक किती म्हणायचा, तेही पाहून ठेवावं. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड म्हणतो, आठवड्याला शिजलेलं रेड मीट ३५० ते ५०० ग्रॅमपर्यंत ठेवा. चार-पाच माणसांच्या घरात रविवारी किलोभर मटण येतं, त्यातली हाडं वजा करा, आणि नळी कुणाला यावरून भांडण झाल्यावर माणशी काय उरतं ते मोजा. बहुतेकजण मर्यादेच्या आतच निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली रेड मीटला 'बहुधा कर्ककारक' गटात टाकलं आणि प्रक्रिया केलेल्या मांसाला थेट सिद्ध कर्ककारकांत, हे खरं आहे. फॅमिली ग्रुपवरचे काका ते दर महिन्याला पाठवतात. पण दुसऱ्या गटात सॉसेज, हॅम, बेकन येतात, गोव्याची चोरिसही येते. खाटकाकडून सकाळी तोडून आणलेली मांडी येत नाही. शिवाय तो अहवाल कर्करोगाचा आहे. पोटाच्या घेराबद्दल त्यात काही नाही.

मग मटणच का सोडावं? कारण ते सोडलेलं दिसतं. तुम्ही फोडणीतलं तेल निम्मं केलंत तर कोण विचारतंय? चहातली साखर बंद केलीत तर ऑफिसातला चहावालाही दखल घेत नाही. मटण सोडलंत की मात्र दुपारपर्यंत गल्लीत बातमी, संध्याकाळपर्यंत सासरी. कोल्हापुरात २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून आंदोलन झालं होतं. ज्या गावात मटणाचा भाव हा नागरी हक्काचा प्रश्न आहे, तिथं ते स्वतःहून सोडणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती नजर भात सोडून मिळत नाही.

आरंभाचा दिवस निवडताना पंचांग पाहावं. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक घरांत आधीच बंद. मंगळवारी गणपती किंवा देवी. संकष्टी आणि एकादशी वेगळ्या. ज्यांच्याकडे रविवार जोतिबाचा, त्यांचा तोही गेला. हिशेब केला तर आपण सोडतोय ते आठवड्यातले दोन-तीनच दिवस, असं ध्यानात येतं. पण हा हिशेब चारचौघांत मांडू नये, त्यागाचं वजन कमी होतं. श्रावणात तर मुळीच आरंभ करू नये. सगळं गावच सोडून बसलेलं असतं, तुमचं वेगळं कौतुक कोण करणार? आषाढात आरंभ करणारा माणूस धाडसी खरा, पण त्याने शेवटची सूचना आधी वाचावी. धुळवडीला सकाळी सातला दुकानासमोर लागलेली रांग बघून ज्याचा पाय वळत नाही, त्याने समजावं की आपल्याला हे जमेल, किंवा आपल्याला ताप आहे.

घोषणा आईसमोर करायची असते. वजनाचं कारण सांगू नये. आमच्याकडे वजन हा आजार धरत नाहीत, बाळसं धरतात.

"डॉक्टरनं सांगितलंय व्हय?"

"नाही, मीच ठरवलंय."

"मग जेव गप."

इथे बहुतेक निश्चय संपतात. म्हणून युरिक ॲसिडचं कारण पुढे करावं. रेड मीट, विशेषतः कलेजी-गुर्दा, जास्त झालं की युरिक ॲसिड वाढू शकतं, ही खरी गोष्ट आहे, आणि गल्लीत दोघा-तिघांचे अंगठे सुजलेले असतातच. मात्र एकदा हे कारण दिलं की तुरीची डाळही बंद केली जाते, टोमॅटोवर नजर ठेवली जाते आणि मावशी कुठला तरी काढा घेऊन येते. काढा प्यावा लागतो.

यानंतर साधनेतला सर्वांत घातक शब्दसमूह येतो: "बरं, रस्सा तरी घे."

इथे थांबून नीट वाचावं. पातेलं उतरवलं की रश्श्यावर बोटाच्या पेराएवढा कट येतो. तांबडा, चकाकता, ताटात सांडला तर डाग न जाणारा. कांदा-लसूण चटणीचा रंग, खोबऱ्याचं तेल, फोडणीचं तेल आणि बोकडाची वितळलेली चरबी, सगळ्यांची वस्ती तिथंच. पळी बुडवताना वाढणारी बाई प्रेमापोटी वरचा थर गोळा करून देते, कारण खालचा पाणीदार रस्सा पाहुण्याला वाढणं म्हणजे त्याचा अपमान. मटण सोडलेला माणूस पीस बाजूला सारतो, वाटीवर वाटी रस्सा भातावर ओततो, वर कांदा-लिंबू, आणि तृप्त मनाने सांगतो, "मी मटण खात नाही, नुसता रस्सा." प्रथिनं ताटाच्या कडेला राहिली, बाकी सगळं पोटात गेलं. वजनाच्या दृष्टीने याच्या बरोबर उलट करायला हवं: चार पीस उचलावेत, रस्सा पातेल्यात ठेवावा. पण पीस खाऊन रस्सा नाकारणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे, आणि आला तर त्याच्या मुलीचं लग्न ठरायला अडचण येईल.

पर्यायी आहाराविषयी थोडक्यात. मटणाच्या जागी पनीर मसाला मागवून दोन बटर नान खाणाऱ्याने वरचे आकडे पुन्हा वाचावेत. मटण बंद म्हणून सकाळी मिसळ खाणाऱ्याने मिसळीवरच्या कटाची चौकशी करावी, तो त्याच घराण्यातला आहे. साबुदाण्याच्या खिचडीबद्दल मी काही बोलणार नाही, देवाधर्माचा प्रश्न आहे. नुसता साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च, त्यावर शेंगदाण्याचं कूट आणि तूप, एवढंच नोंदवून पुढे जातो. अंडी, मासे, कातडी काढलेली कोंबडी, मटकी, हरभरा, ताक हे चालतं. जेवणात तेवढं नाट्य राहत नाही, पण कमरेला नाट्य लागत नाही.

एक सूचना मात्र थट्टेतली नाही. मटणातलं लोह शरीर सहज शोषून घेतं, पालेभाजीतलं तेवढं घेत नाही. मटण सोडलेल्या बाईमाणसाने तर हे विसरूच नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय निघाला. मेथी-चवळईवर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा ढोसू नये, चहाने लोह अडतं. बी-१२ तर वनस्पतींत मिळत नाही. त्यासाठी अंडी, दूध, मासे तरी ताटात हवेत. घरात कुणाचं हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारून करावा, म्हणजे आईलाही खरं उत्तर देता येतं.

वजन पहिल्या आठवड्यातच करावं आणि सगळ्यांना सांगावं. खाणं आटोक्यात आलं की शरीरातला साखरेचा साठा कमी होतो, त्याने धरून ठेवलेलं पाणी निघून जातं आणि काटा झपकन खाली येतो. हे पाणी आहे, चरबी नव्हे, हे जाणकाराने ओळखेपर्यंत तुम्ही सत्कार उरकून घेतलेला बरा. तिसऱ्या आठवड्यापासून काट्याऐवजी टेप वापरावी. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सांगितली जाते. टेप लावताना श्वास सोडावा. पोट आत घेऊन मोजलेली कंबर ही कंबर नव्हे, ती अपेक्षा होय.

अपवाद दोन. पहिला, भाच्याचं जावळ. मूल मामाच्या मांडीवर बसतं, बोकड मामाच्या मानाचं असतं, आणि मामाने ताट सरकवलं तर बहीण पुढची दिवाळी बोलत नाही. मामाने जेवावं. संध्याकाळी रंकाळा तलावाला एक फेरी मारावी, दोन माराव्यात, पण जेवावं.

दुसरा अपवाद आषाढातला. नव्या पाण्याच्या घागरी घेऊन, पी-ढबाक वाद्यांच्या तालावर गल्ली त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर जाऊन येते आणि मग मटणाचे वाटे पडतात. वर्गणी तुम्ही दिलेली असते. पोरं दारात येतात, पिशवीत वाटा, वर कुणाच्या तरी हातात वही.

"काका, तुमचा वाटा."

इथे त्यागाचं प्रदर्शन करू नये. "मी सोडलंय" असं म्हणून पिशवी परत केली तर पोरं काही बोलत नाहीत, वहीत तुमच्या नावापुढे फुली मारतात. मग पुढच्या वर्षी वर्गणी तेवढी मागायला येतात, वाटा येत नाही.