आधी तपासणी, मग आवराआवर

विंडोज 7 चा जुना डेस्कटॉप. सकाळी बटण दाबलं की डिस्क तपासायची सूचना आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. ऑफिसातला माणूस घाईत कुठलीतरी कळ दाबून ती थांबवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग 'पीसी स्लो झालाय' म्हणत कुणीतरी डिफ्रॅगचं फुकट सॉफ्टवेअर टाकून देतं आणि तेही मशीन सुरू होतानाच चालायला बघतं.

दोघांनाही तीच वेळ हवी असते, आणि त्याला कारण आहे. पेजफाईल आणि रजिस्ट्रीच्या फाइली विंडोज पूर्ण चालू झाल्यावर उघड्याच असतात, त्या सरकवता येत नाहीत. सी ड्राइव्ह वापरात असताना तिची दुरुस्तीही करता येत नाही. म्हणून दोघंही रजिस्ट्रीतल्या 'बूटएक्झिक्यूट' या यादीत नाव घालतात. मुळात तिथे 'autocheck autochk *' ही एकच ओळ असते. डिफ्रॅगवाला आपली ओळ जोडतो, आणि सॉफ्टवेअर नीट काढलं नाही तर ती तिथेच राहते. मग दर वेळी प्रोग्राम सापडला नाही, ऑटोचेक वगळतोय, असा संदेश झळकतो. तो वाचून घाबरलेला माणूस अख्खी यादीच पुसतो, आणि त्याबरोबर खरी तपासणीही जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. ड्राइव्हवर 'डर्टी' खूण, म्हणजे नोंदींत गडबड असू शकते आणि तपासणी बाकी आहे अशी विंडोजची खूण, लागली असेल तर डिफ्रॅगला हात लावू नका. कोणती जागा रिकामी आणि कोणती भरलेली, याची नोंदच चुकली असेल, तर त्या नोंदीवर विसंबून फाइली हलवणं म्हणजे मोडक्या फळीवर डबे नव्याने रचणं. एक्सपीतलं डिफ्रॅगसुद्धा तपासणी बाकी असेल तर 'आधी चेकडिस्क चालवा' असं सांगून थांबायचं. तेच बरोबर होतं.

म्हणून क्रम असा ठेवा. बॅकअप घ्या. डिफ्रॅगचं बूटच्या वेळचं वेळापत्रक बंद करा. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एफएसयूटिल डर्टी क्वेरी' ही आज्ञा सी ड्राइव्हसाठी द्या. खूण असेल तर चेकडिस्क 'एफ' पर्यायासह लावा, मशीन रीस्टार्ट करा आणि काम पूर्ण होऊ द्या. 'आर' पर्याय अख्खी डिस्क वाचतो, मोठ्या डिस्कला तासन् तास लागतात, मधेच वीज बंद करू नका. निकाल इव्हेंट व्ह्यूअरच्या अॅप्लिकेशन नोंदीत, विनइनिटच्या 1001 क्रमांकाखाली मिळतो. तो वाचा, हे कुणीच करत नाही.

'चेकएनटीएफएस'ला 'एक्स' देऊन सूचना बंद करा, असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने फक्त तपासणी टळते, खूण तशीच राहते. खूण पुन्हा पुन्हा येत असेल तर केबल आणि डिस्कच संशयास्पद समजा. त्या डिस्कवर डिफ्रॅग चालवून तिला आणखी राबवू नका, आधी डेटा बाहेर काढा.

आणि मशीनमध्ये एसएसडी असेल, तर डिफ्रॅगची गरजच नाही. विंडोज 7 पासून विंडोज स्वतः अशा ड्राइव्हला 'ट्रिम', म्हणजे कोणती जागा मोकळी झाली ते कळवणारी आज्ञा, पाठवतं. डिफ्रॅगचं ते तृतीय पक्षाचं सॉफ्टवेअर आजच काढा, आणि बूटएक्झिक्यूटमधली त्याची उरलेली ओळही काढायला विसरू नका.