नाशिकच्या इंदिरानगरकर कुटुंबासाठी संकल्पसंहिता

संकल्प कोणता करावा हा प्रश्न गौण आहे. आधी तारीख ठरवावी. मराठी घराला वर्षारंभ तीन असतात: १ जानेवारी, गुढीपाडवा आणि दिवाळीतला पाडवा. जाणत्या कुटुंबाने तिन्ही हाताशी ठेवावेत. उदाहरणार्थ, पहाटे जॉगिंग ट्रॅकवर जायचा संकल्प जानेवारीत करावा. निफाडचा पारा किती उतरला ते पेपरात वाचून, पांघरूण न सोडता, तो १९ मार्च २०२६ च्या गुढीपाडव्यावर ढकलावा. तोवर ऊन तापू लागते. मग पावसाळा. दिवाळीला पुन्हा थंडी. अशा रीतीने संकल्प वर्षभर ताजा राहतो. बूट मात्र जानेवारीतच घ्यावेत, सेल असतो.

योजनेची बैठक रविवारी, मिसळ खाऊन झाल्यावर घ्यावी. आधी घेतल्यास सगळे सगळ्याला ‘हो’ म्हणतात. अध्यक्षपद आजींकडे असावे. टिपण कालनिर्णयवर करावे, पण दुधाच्या नोंदींवर अतिक्रमण करू नये. ज्याचा संकल्प त्यानेच मांडावा. ‘बाबा यंदा साखर सोडणार’ हे आईने जाहीर केल्यास ठराव बाद समजावा.

घराच्या कामांत एकच नियम खरा: आधी गळती, मग रंग. गच्चीचे वॉटरप्रूफिंग मेअखेर उरकले नाही, तर बैठकीच्या खोलीचा नवा रंग जुलैपर्यंत आपोआप बदलतो. हे सर्वांना ठाऊक असते. तरीही रंगाचे शेडकार्ड आधी घरात येते, कारण गळतीचे शेडकार्ड निघत नाही. गच्ची सोसायटीची असल्यास विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा आणि तूर्त बादली घ्यावी.

२०२६ साठी दोन विशेष तरतुदी लागतील. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, धोंड्याचा महिना, आहे. म्हणजे जावई, अनारसे आणि चांदीचा भाव यांचा विचार एकाच खात्याखाली करावा लागेल. दुसरी तरतूद गाद्यांची. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मोठी स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. ‘तुम्ही नाशकातच असता ना अजून?’ असे फोन येऊ लागले, की योजनेतली ‘मुलीची स्वतंत्र अभ्यासाची खोली’ खोडावी आणि तिथे ‘पाहुणे’ लिहावे. इंदिरानगराहून रामकुंड किती लांब, असे कुणी विचारल्यास अंतर सांगावे. वेळ सांगू नये. मध्ये हायवेखालचा बोगदा आहे.

आर्थिक संकल्पासाठी मात्र आदर्श जवळच आहे. पांडवलेणीत सुमारे १९०० वर्षांपूर्वी उषवदाताने आपले नियोजन दगडावर कोरून ठेवले. हा नहपान राजाचा जावई. पण धोंड्याच्या वाणाची वाट न पाहता त्याने स्वतःच्या गाठीचे ३००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली. त्यातल्या २००० वर महिना शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२. गुणून पाहा, हिशेब नेमका बसतो. उरलेल्या १००० वर पाऊण टक्का, किरकोळ खर्चासाठी. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खायचे, असेही त्यात स्पष्ट आहे. शिवाय हे निगमसभेत वाचून दाखवून दप्तरी नोंदवलेले.

आपण रिकरिंग मोडून सोफा घेतो आणि त्याला ‘घरातली गुंतवणूक’ म्हणतो.

तेव्हा पुढची बैठक घरात न घेता सहकुटुंब पांडवलेणी चढून घ्यावी. लेख १० क्रमांकाच्या लेण्यात आहे. चढताना दम लागेल. तो व्यायामाच्या रकान्यात मांडून घ्यावा.