रेकॉर्ड शॉट

आमच्या कॉलनीतले साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी पैठणच्या जायकवाडी धरणाच्या आसपास गेली. धरणाच्या नाथसागर जलाशयाकडे त्यांनी उभी हयात पाणीपातळी म्हणून पाहिलं. १५२२ फूट म्हणजे धरण भरलं. त्याच्या खाली जे काही, तो टँकरचा हिशेब. त्याच पाण्यावर हिवाळ्यात रोहित येतात, चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब उतरतात. १९८६ साली सरकारनं तिथं पक्षी अभयारण्यही जाहीर केलं. पण हा विषय साहेबांच्या टेबलावर कधी आला नाही, आणि टेबलावर न आलेली गोष्ट पाहायची त्यांना सवय नव्हती.

निवृत्तीनंतर मुलानं कॅमेरा घेऊन दिला. पाठोपाठ साहेबांनी स्वतःच्या हिमतीवर सहाशेची लेन्स घेतली. सहाशे हा आकडा मिलिमीटरचा; रुपयांचा आकडा वहिनींना सांगितला गेला तो एक शून्य गाळून.

आता हा माणूस दर रविवारी पैठणला पळणार, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण साहेब म्हणाले, "पाण्यावरचे पक्षी काय हो, उभेच असतात. सहलीला आलेलं पोरगंही काढील. खरा पक्षी डोंगरात." तेव्हापासून शनिवारी रात्री मला फोन येतो. "उद्या साडेचार. म्हैसमाळ." यात प्रश्नचिन्ह नसतं. गाडी माझी असते, पेट्रोल माझं असतं, आणि पुढच्या सीटवर लेन्स बसते. साहेब मागे. लेन्सला बेल्ट लावलेला असतो.

पहाटे दौलताबादचा दरवाजा मोकळा मिळतो, खुलताबाद झोपेत असतं. त्यानंतर साहेब कुजबुजत बोलायला लागतात. पक्षी अजून आठ-दहा किलोमीटर लांब असतात, तरी. अंगात नखशिखांत मिलिटरी छापाचे कपडे, पक्ष्यांना दिसू नये म्हणून. पायात मात्र सुनेनं वाढदिवसाला दिलेले शेंदरी बूट. आणि ऐन मोक्याला खिशातला फोन "सुखकर्ता दुखहर्ता" सुरू करतो. तो बंद कसा करायचा, हे साहेबांना अजून सापडलेलं नाही.

त्यांची भाषाही बदलली आहे. आयुष्यात पहिल्यांदा दिसला तो पक्षी "लायफर". रोज दिसतो तो "कॉमन", आणि हा शब्द ते पूर्वी कंत्राटदाराच्या बिलावर शेरा मारत त्याच तोंडानं उच्चारतात. सगळ्यांत मोलाचा शब्द "रेकॉर्ड शॉट". फोटो वाईट आणि पक्षी साधा असेल, तर तो डिलीट करतात. फोटो वाईट पण पक्षी दुर्मीळ असेल, तर तो रेकॉर्ड शॉट. साहेबांचा सगळा संग्रह दुसऱ्या प्रकारात मोडतो.

गेल्या हिवाळ्यात गिरिजादेवीच्या देवळापलीकडे करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. साहेबांनी मला मुंडी धरून खाली बसवलं आणि मशिनगन चालवावी तसं शटर चालवलं. दीडशे-दोनशे फोटो निघाले. बहुतेकांत पानं होती. एकात शेपूट होतं. एकात मात्र, खरंच, एक हिरवट पाखरू होतं, डोळ्यावरून फिकट भुवई गेलेलं. पर्णवटवट्या. वजन आठेक ग्रॅम. उन्हाळ्यात हिमालयापासून सैबेरियापर्यंत कुठंही घरटं करणारा हा जीव थंडीत आपल्याकडं उतरतो. आठ ग्रॅमचा पक्षी, दोन किलोची लेन्स आणि नव्वद किलोचे साहेब. यांतलं दमलं होतं कोण, ते सांगायला नको.

फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला. लोकेशन : मराठवाडा. त्याहून जास्त साहेब कुणाला सांगत नाहीत. मग जुंपली. पंखावर फिकट पट्टी आहे की तो उन्हाचा कवडसा? पाय काळपट की तपकिरी? एकानं चितमपल्लींचा पक्षिकोश उघडला, दुसऱ्यानं सलीम अलींची शपथ घातली. शेवटी कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, "काका, आवाज कसा होता? हे पक्षी आवाजावरूनच नीट ओळखतात." साहेब दोन दिवस ग्रुपवर आले नाहीत. शटरच्या खडखडाटात आवाज ऐकलाच होता कुणी?

त्यांचं खरं दुःख वेगळंच आहे. ते नीलांगाच्या मागे आहेत. हिमालयातून येणारा, अंगभर निळा. झाडीतल्या एका गुराख्याला साहेबांनी फोटो दाखवला. तो म्हणाला, "ह्ये व्हय? काल दिसभर त्या वाळल्या फांदीवर बसलं व्हतं की." साहेबांनी कपाळाला हात लावला. या छंदात पक्षी नेहमी काल असतो. त्यांनी गुराख्याच्या हातावर शंभराची नोट ठेवून बजावलं, "कुणाला सांगू नको." त्यानं नोट ठेवायला खिसा उघडला, तर आत आधीच तिघा फोटोवाल्यांची कार्डं होती.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणारे महाभाग पुष्कळ आहेत. बिचाऱ्याला वाटतं हद्दीत दुसरा कुणी घुसला, आणि चारा शोधायचा सोडून तो भांडायला धावतो. साहेबांनी हे कधी केलं नाही. "खोटी नोटीस काढून हजर करायचं नाही," म्हणतात. रिकाम्या हातानं परततात, दौलताबादला सीताफळं घेतात आणि घरी जातात.

घरी वहिनी असतात. दर ऑक्टोबरात त्यांच्या गच्चीतल्या टाकीवर एक काळा पक्षी येऊन बसतो. पोट तांबूस, शेपूट सारखं थरथरतं. "आला हो तुमचा शेपटीवाला," वहिनी ओरडतात. "थिरथिरा आहे. कॉमन," साहेब पेपरातून मान वर न काढता सांगतात. हा कॉमन गृहस्थ हिमालयाच्या उंच पठारांवरून किंवा त्याच्याही पलीकडून येतो आणि मार्चपर्यंत इथं मुक्काम करतो. वहिनी त्याच्या येण्याची तारीख कालनिर्णयवर लिहितात, दुधाच्या खाड्याशेजारी आणि सिलिंडरच्या वर.

कॉलेजातल्या त्या मुलीला हे कळलं तेव्हा ती धावत आली. एकाच गच्चीवरच्या इतक्या वर्षांच्या तारखा तिला हव्या होत्या. जुनी कालनिर्णयं साहेबांनीच रद्दीत घातली होती, लेन्सच्या बॅगेला कपाटात जागा हवी म्हणून. यंदाचं तेवढं शिल्लक आहे.

तेव्हा वाचकहो, ऑक्टोबर लागला की आपापल्या टाकीवर नजर ठेवा आणि तारीख लिहून ठेवा. फोटो मागायला मात्र साहेबांकडे जाऊ नका. त्यांच्याकडे थिरथिऱ्याचा एकही नाही.